चौथं नम्र स्मरण

"नम्र स्मरण" हे दोन शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा एकत्र आणले असतील, त्याला समोर बसवून चार गोष्टी सुनवाव्या, असं उर्वशीला त्या रविवारी सकाळपासून वाटत होतं. स्मरण ठीक आहे हो. पण नम्र कायचं आलं त्यात? दारात येऊन उभं राहायचं, हात जोडायचे, आणि काम होईस्तोवर तिथून हलायचं नाही, याला नम्रपणा म्हणतात होय? मेल डेन्मार्कहून आला होता, आंद्रेस नावाच्या माणसाचा, आणि असा हा चौथा होता. शेवटी नेहमीसारखं हसरं तोंड काढलेलं. त्या हसऱ्या तोंडाने तर तिचं डोकंच फिरलं.

यवतमाळहून तिने स्कूटी काढली आणि बाभुळगावच्या रस्त्याला लागली. आज काय तो निकाल लावून टाकायचा होता. लॅपटॉपची बॅग पाठीवर, तोंडाला स्कार्फ, आणि स्कार्फच्या आत आंद्रेसशी तावातावाने भांडण चालू.

उर्वशी पुण्याच्या एका कंपनीचं काम यवतमाळच्या घरी बसून करायची. पोट त्याच्यावर. पण तिचा जीव होता 'अक्षरजोड'मध्ये. हा तिने कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्राम, ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा. कोणीही न्यावा, वापरावा, आपल्या प्रोग्रामात बसवावा, आणि कुठे बिघडला की शिव्या मात्र उर्वशीला द्याव्या. मराठी मजकुराचे अक्षरागणिक नीट तुकडे पाडणं एवढंच त्याचं काम. त्यात काही मिरवण्यासारखं नव्हतं, पण ते करायला दुसरं कोणी बसलंही नव्हतं. त्यामुळे हळूहळू मोठमोठ्या प्रोजेक्टांनी अक्षरजोड आपल्या पोटात घेतला. उतरंडीत सगळ्यात खाली जे मडकं असतं ना, ते तिचं. वर जगभरातल्या लोकांची मडकी.

आता झालं असं, की हे सगळे लोक ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात (मराठी-हिंदी नव्हे, कम्प्युटरची भाषा), तिची नवी आवृत्ती येऊन जमाना लोटला होता. तरी जुनी काही सुटत नव्हती. जुनीवरही चाललं पाहिजे, नवीवरही चाललं पाहिजे, म्हणजे प्रत्येक काम दोनदा. आणि करणारे कोण? नोकरी सांभाळून, पोरंबाळं पाहून, उरल्या वेळात फुकट राबणारे. सगळ्यांना वीट आला. एकट्याने जुनी आवृत्ती सोडली तर लोक त्या एकट्यालाच धरतात, म्हणून साऱ्यांनी मिळून ठरवलं की एकाच दिवशी सगळ्यांनी सोडायची. तसं संयुक्त निवेदन निघालं, दिवस ठरला, प्रोजेक्टामागून प्रोजेक्ट सह्या करत गेले. यात काही चूक होतं असं उर्वशीही म्हणाली नसती. त्या दुहेरी कामाने तिच्याही नाकी नऊ आले होते. पण एक प्रोजेक्ट अडून बसला होता, आणि तो नेमका तिचाच होता. खालचं मडकं निघत नाही तर वरच्यांनी काय करावं?

तिच्यापायी दिवस पुढे ढकलला गेला, मग अजून एकदा ढकलला गेला. मग या निवेदनाची जुळवाजुळव करणाऱ्या आंद्रेसने अगदी गोड भाषेत लिहिलं, की तुम्हाला जमत नसेल तर आम्ही अक्षरजोडची नक्कल काढतो, वेगळ्या नावाने पुढे नेतो, गैरसमज नसावा. कोड उघडा असला की तसा हक्क प्रत्येकाला असतो. पण उर्वशीच्या काळजात चर्र झालं. बाभुळगावच्या पोरीचं नाव जगातल्या एवढ्या प्रोग्रामांच्या तळाशी लिहिलेलं होतं, ते पुसलं जाणार होतं. तिच्या आयुष्यात मिरवावं असं तेवढंच तर होतं.

अडण्याचं कारण बाभुळगावात बसलेलं होतं. धम्मरत्न त्याचं नाव. उर्वशीचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. नोकरी त्यांनी कारकुनाची केली, पण गाव त्यांना ओळखायचं ते आवाजावरून. कबड्डीचे सामने असोत, विहारातला कार्यक्रम असो, कोणाच्या पोरीचं लग्न असो, "माईक धम्मरत्नजीकडे द्या" हे ठरलेलं. भरदार, थोडा खर्जातला, आणि मैदानाच्या पार त्या टोकाच्या म्हाताऱ्यालाही उठवून बसवील असा आवाज. पण माईक खाली ठेवला की तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी घशात गाठ निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील पण बोलणं राहणार नाही.

तेव्हा उर्वशी कॉलेजात होती. ती धावत बाभुळगावला आली, विहाराच्या मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगल्या, आणि ऑपरेशनला जायच्या आधी मोठेबाबांना बोलतं ठेवलं. त्यांनी पेपर वाचला, घरच्यांची नावं घेतली, बाभुळगाव ते यवतमाळ रस्त्यावरची गावं म्हटली, कबड्डीची कॉमेंट्री केली, आणि उर्वशी लाजून पाणी पाणी होईल अशा शिव्याही भरून ठेवल्या. "ह्याही लागतीन ना बाई," असं म्हणाले. त्या दिवशी मोठीमायकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, चहा यायला उशीर झाला होता, म्हणून "कौसल्या" हे नाव जे भरलं गेलं ते चांगलं खेकसून. पुन्हा घ्यायचं राहून गेलं.

त्या तुकड्यांना जोडून बोलणारा भाग उर्वशीने अक्षरजोडच्या आतच लिहिला. मोठेबाबांनी कीबोर्डवर टाइप करायचं, कम्प्युटरने त्यांच्याच आवाजातले तुकडे शोधून, जोडून बोलायचं. आवाज खरखरायचा, मध्येच लचकायचा, "चहा" एका पट्टीत आणि "आण" दुसऱ्या. पण होता त्यांचा. मोठेबाबा एवढी वर्षं तसेच बोलत आले होते. गोची एकच होती. हा भाग एका म्हाताऱ्या जर्मन माणसाच्या कोडवर उभा होता, तो माणूस कधीच सगळं सोडून बागकाम करायला निघून गेला होता, आणि तो कोड चालायचा फक्त भाषेच्या जुन्या आवृत्तीवर. सपोर्ट संपला म्हणजे प्रोग्राम त्याच दिवशी मरतो असं नाही. पण उद्या त्याला ताप आला तर कोणी डॉक्टर येणार नाही, आणि मोठेबाबांचा कम्प्युटर तर बारमाही आजारी.

म्हणून उन्हाळ्यात तिने नवा लॅपटॉप आणून दिला. त्यात तयार मराठी आवाज घातला. खणखणीत, साफ, बातम्या देतात तसा. मोठेबाबांनी तिच्यासमोर एक वाक्य टाइप केलं, ऐकलं, आणि अंगठा वर केला. पुढे फोनवर त्यांचे मेसेज यायचे: "नवा मस्त चालते. तू सही कर. माह्यासाठी जग थांबवू नको." उर्वशीने सही केली. आंद्रेसने लगेच टाळ्या वाजवणारे हात पाठवले. आता एकच काम उरलं होतं, जुना भाग काढून टाकलेली अक्षरजोडची नवी आवृत्ती बाहेर सोडायची. बटण दाबायचं, बस्स. तेवढ्याचंच ते चौथं नम्र स्मरण. तिने रागारागात "आज करते" म्हणून कळवलं, आणि मोठेबाबांकडचा तो जुना खटारा एकदाचा उचलून आणू, म्हणजे मन मागे ओढणार नाही, म्हणून निघाली.

घरात पाय टाकला तर काय? टेबलावर जुना कम्प्युटर पंख्याची घरघर करत चालू, आणि मोठेबाबा त्याच्यापुढे बसून एका बोटाने टाइप करताहेत.

"मोठेबाबा, नवा लॅपटॉप कुठी आहे?"

मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. उर्वशीने सरळ गोदरेजचं कपाट उघडलं. खाली गोधड्या, गोधड्यांच्या खाली मोठीमायची लग्नातली शाल, आणि शालीत गुंडाळलेला लॅपटॉप. परत खोक्यात भरलेला, वरचं प्लास्टिकसुद्धा पुन्हा नीट चिकटवलेलं.

मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटला. "तुम्ही मले सांगितलं मस्त चालते! मी त्याच्या भरवशावर सही केली! लोकं तिकडे माह्या जिवावर बसले आहेत, रोज एक मेल येऊन राह्यला, आन् तुम्ही लॅपटॉप शालीत निजवून ठेवला? बोलत काहून नाही? आता का झालं?"

मोठेबाबा टाइप करू लागले. एक बोट, त्यात घाई, त्यात चष्मा सारखा नाकावर घसरतो. इकडे उर्वशीचं संपायचं नाव नाही. "आन् एवढं होतं तर फोन करायचा होता. मेसेज करायचा होता. मले का मन नाही? मी का दगड आहे?"

तेवढ्यात कम्प्युटर बोलला, त्याच त्या लचकणाऱ्या, खर्जातल्या आवाजात. "नवा. लॅपटॉप. चांगला. आहे."

"चांगला आहे तं कपाटात काहून?"

पुन्हा टाइप. पंखा घरघरला. तोवर उर्वशीने खोक्यावरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, ते रागाचं होतं. "तुह्यं. काम. अडत. होतं," कम्प्युटर म्हणाला. "म्हणून. सांगितलं."

"असं खोटं सांगून कोणाचं काम होते का?" ती ओरडली. "आता मी त्यायले काय सांगू? जगभर हसतीन लोकं माह्यावर. दोन्हीकडून मूर्ख मीच."

"त्यायले कायले बोलते वं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. कौसल्या, मोठीमाय, ओल्या हाताने दारात येऊन उभी राहिली. "तो डब्बा म्या ठेवला कपाटात. रागावाचं असन तं माह्यावर रागाव."

"तुम्ही? काहून?"

मोठीमायने हात पदराला पुसले. सांगावं की नाही अशा घोटाळ्यात ती जराशी उभी राहिली, मग दारातच खाली बसली. "तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी मोरीत भांडे घासून राह्यली होती. तं बैठकीतून एक मानूस म्हने, कौसल्या, चहा आण. साफ आवाज, चांगला शिकलेला. माह्या जिवात धस्सच झालं. म्हनलं, कोन पाहुना आला, आन् असा सरळ नाव घेऊन बोलते! पदर घेतला, गुपचूप चहा मांडला. दोन कप नेले. एक ह्यायचा, एक त्या पाहुन्याचा."

मोठेबाबांनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. उर्वशीला मात्र हसू आलं नाही.

"मग समजलं ना तुम्हाले, की तो लॅपटॉप आहे म्हणून?"

"समजलं. मी का खुळी आहे? लय दिवस सवय करून पाह्यली, बाई. तुह्या पायीच करून पाह्यली. पन तो बोलला की माह्या डोक्यावर पदर जाते, जातेच. जेवताना बोलला की माह्याच्यानं घास गिळत नाही. एक दिवस ह्यायची तब्येत बरी नव्हती, आतून बोलावलं ह्यायनं... त्यानं... त्या मानसानं. तं माह्ये पायच उचलेना. मानूस आपला आहे, पन हाक परक्याची." ती थांबली. "ह्यायले म्हनलं, तुमी मुके राहा, मी समजून घेईन. पन त्या मानसाले म्हना, माह्यं नाव नको घेऊ."

उर्वशी आणखीच चिडली. चिडली की ती हट्टाला पेटते, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "सवय होते, मोठीमाय," ती म्हणाली. "मोबाइलचीही झालीच ना? मी आता लावते, पाहा तुम्ही."

मोठीमाय उठून आत गेली. उर्वशीने लॅपटॉप टेबलावर ठेवला, वायर लावली, आणि टाइप केलं: कौसल्या, चहा आण. बातम्या देणारा तो माणूस एकही अक्षर न लचकता म्हणाला, "कौसल्या, चहा आण."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. कोणी "ओ" दिली नाही. उर्वशीने पुन्हा तेच बटण दाबलं. तो माणूस पुन्हा तितक्याच गोडीने म्हणाला. आतून काही नाही. ती उठून दारापर्यंत गेली आणि आत डोकावली. मोठीमाय ओट्याकडे तोंड करून उभी होती, डोक्यावर पदर, हातात रिकामा कप, आणि एवढ्या मोठ्या बाईचे खांदे आक्रसलेले. उर्वशी आल्यापावली मागे फिरली आणि तिने लॅपटॉप बंद केला.

ती खुर्चीत बसली. राग कोणावर काढावा? आंद्रेसवर? तो बिचारा दोन पोरांचा बाप, फुकट राबणारा. मोठेबाबांवर? त्यांनी तिच्यासाठीच खोटं सांगितलं. खरं तर राग स्वतःवरच येत होता. "मस्त चालते" हा मेसेज तिने वाचला, आणि वाचूनच गप्प बसली, कारण तिला तेच ऐकायचं होतं. एकदा गाडी काढून यावं, त्या घरात बसून नव्या आवाजात एक कप चहा मागून पाहावा, एवढंही तिच्याने झालं नाही.

मोठेबाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी टाइप केलं. "बटण. दाब. जुना. कम्प्युटर. आन्. मी. पाहू. कोण. आधी. जाते."

"चुप बसा!" उर्वशी म्हणाली. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला आपण चुप बसा म्हटलं हे तिच्या लक्षात आलं, पण तिने ते मागे घेतलं नाही.

जुना भाग नव्या आवृत्तीवर आणता आला असता. त्या जर्मनाचा सगळा कोड मुळापासून पुन्हा लिहायचा, कंपनीचं काम सांभाळून, एकटीने. कधी होईल ते सांगता येत नव्हतं. आणि तोवर पुन्हा सगळ्यांना थांबवायचं? तिसऱ्यांदा? ते तिला जमलं नसतं, आणि रास्तही नव्हतं. बरं, जुना भाग सोडायचा आणि मोठेबाबांचा खटारा बंद पडायची वाट पाहायची, हेही तिला जमणार नव्हतं. म्हणजे एकच वाट उरत होती, आणि ती आंद्रेसनेच दाखवली होती, गोड भाषेत.

तिने आपला लॅपटॉप उघडला आणि निवेदनाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: अक्षरजोडची सही मी परत घेते. तुम्ही कोणी थांबू नका, दिवसही बदलू नका. कोडची नक्कल काढा, नाव तुम्हाला आवडेल ते द्या, माझी ना नाही. अक्षरजोड जुन्या आवृत्तीवर माझ्याकडे चालू राहील. माझ्या घरचा एक माणूस अजून त्यावर बोलतो.

पाठवून टाकलं. इतक्या वर्षांचं तिचं मडकं तिने आपल्या हाताने खालून काढून दिलं होतं. आता वर कोणाचंही नाव येईल. ती चक्क रडली, मोठेबाबांच्या समोर, नाक ओढत.

आंद्रेसचं उत्तर लगेच आलं. या वेळी स्मरण नव्हतं, हसरं तोंडही नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं की काय कोण जाणे. त्याने विचारलं होतं: एका वापरकर्त्यासाठी?

उर्वशीने डोळे पुसले. दोन, असं तिने लिहिलं. एक बोलणारा आणि एक ऐकणारी.

मग तिने लॅपटॉप मिटला आणि टेबलावर डोकं टेकलं. मोठेबाबांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर केला, आणि एका बोटाने टकटक करत काहीतरी टाइप केलं. जुना कम्प्युटर घरघरला, जरा अडला, आणि ऑपरेशनच्या आधीच्या त्या दिवसाएवढ्याच जोराने खेकसला:

"कौसल्या! चहा. आण. तीन. कप."

"आली, आली!" स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, आणि कप खणखणले. "घरात पोरगी आली तरी वरडनं काही जात नाही मानसाचं!"